किटिमॅट: नदी उलटी फिरवून वसवलेलं अ‍ॅल्युमिनिअमचं गाव

मावळतीकडे

मंडळी, चंदीगडबद्दल काही वाचत होते. त्याचा आराखडा वास्तुविशारद कॉर्बुझिएच्या हातात जायच्या आधी अल्बर्ट मेयर नावाच्या अमेरिकन माणसाकडे होता हे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्याचा जोडीदार नोवित्स्की १९५० मध्ये विमान अपघातात गेला आणि ते काम दुसऱ्यांकडे गेलं. मग हा मेयर पुढे काय करत होता म्हणून शोधत गेले तर तो थेट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडला, ब्रिटिश कोलंबियात, अ‍ॅल्युमिनिअमच्या कारखान्यासाठी गाव आखताना. गावाचं नाव किटिमॅट. तेव्हापासून चार दिवस मी दुसरं काही वाचलेलं नाही, म्हणून हा धागा.

आधी गंमत सांगते. तिथे बॉक्साइटची खाण नाही. जवळपासही नाही. अ‍ॅल्युमिना (बॉक्साइट शुद्ध करून मिळणारी पांढरी पूड) जमैकाहून जहाजाने यायची. बाजारपेठ जवळ नाही, सुरुवातीला रस्ता नाही, रेल्वे नाही. होतं काय, तर समुद्राचा आत घुसलेला खोल फाटा, म्हणजे मोठी जहाजं थेट आत येणार, आणि डोंगरापलीकडे पाणी.

१९४९ मध्ये प्रांताच्या सरकारने खास कायदा केला, पुढच्या वर्षी अल्कन या कॅनडातल्या अ‍ॅल्युमिनिअम कंपनीशी करार झाला, कोरियाचं युद्ध चालू होतं आणि अ‍ॅल्युमिनिअम हवंच होतं सगळ्यांना. मग त्यांनी जे केलं ते वाचून मी दोनदा नकाशा उघडला. नेचाको नावाची नदी पूर्वेकडे वाहत जाऊन फ्रेझरला मिळते. तिच्यावर केनी धरण बांधलं (१९५२ ला पूर्ण, दगडांचं, आत चिकणमातीचा गाभा, त्या प्रकारात तेव्हा जगात सगळ्यात मोठं), मागे तळ्यांची अख्खी माळ एकत्र होऊन सुमारे ९०० चौरस किमीचा जलाशय झाला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला, पश्चिमेला, डोंगरातून १६ किमीचा बोगदा खोदला. पाणी तिकडून जवळजवळ ८०० मीटर खाली पडतं, केमानो नावाच्या वीजघरात, जे डोंगर पोखरून आत बांधलंय. तिथून ८० किमीच्या वर तारा, मध्ये १६०० मीटर उंचीची बर्फाळ खिंड, आणि मग किटिमॅट. म्हणजे पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेला वळवली, विजेसाठी.

कामगारांना राहायला जागा नव्हती तर कॅलिफोर्नियातली एक जुनी चाकाची आगबोट, डेल्टा किंग, ओढत आणली आणि तिच्यात माणसं ठेवली. ३ ऑगस्ट १९५४ ला इंग्लंडच्या राणीचे यजमान प्रिन्स फिलिप यांच्या हस्ते पहिलं अ‍ॅल्युमिनिअम ओतलं गेलं. तीन वर्षांत हे सगळं, एका रिकाम्या दरीत.

गावाच्या आराखड्याबद्दल पुढच्या प्रतिसादात लिहिते, तो खरा माझा विषय आहे.

---

फुलपात्र

मस्त धागा ताई. पण मला एक बाळबोध शंका आहे, हसू नका. माती जमैकाहून न्यायची, कॅनडात वितळवायची, परत जगभर पाठवायची, एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? भट्टी तर कुठेही लावता येते ना, कोळसा टाकला की झालं.

---

पॉटरूमवाला

फुलपात्र, शंका बाळबोध नाही, कॉलेजातून कामावर आलेली पोरं पण हेच विचारायची. मी अठरा वर्षं पॉटरूममध्ये, म्हणजे अ‍ॅल्युमिनिअम जिथे तयार होतं त्या दालनात, काढली आहेत (कुठल्या ते राहू दे), त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

लोखंड कोळशाच्या भट्टीत सुटं होतं. अ‍ॅल्युमिनिअम नाही होत, ते ऑक्सिजनला सोडतच नाही. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू, दोघांनी एकमेकांना न ओळखता एकच युक्ती काढली (दोघंही १८६३ चे, दोघंही १९१४ ला गेले, योगायोग बघा). युक्ती अशी की क्रायोलाइट नावाचं क्षार वितळवायचं, त्यात अ‍ॅल्युमिना विरघळवायची आणि त्यातून वीज सोडायची. वर कार्बनचा अ‍ॅनोड, खाली कार्बनचा तळ, मध्ये ९५० ते ९६० अंशाचा रस, धातू तळाशी साठतो. ह्या टाकीला आम्ही पॉट म्हणतो. एका पॉटला जेमतेम चार साडेचार व्होल्ट लागतात पण अ‍ॅम्पिअर लाखांत, म्हणून शेकडो पॉट एकापुढे एक माळेसारखे जोडतात, ती पॉटलाइन.

आता हिशोब. चार टन बॉक्साइटपासून साधारण दोन टन अ‍ॅल्युमिना, त्यापासून एक टन धातू. आणि त्या एका टनाला १३ ते १५ हजार युनिट वीज. किटिमॅटची आजची क्षमता वर्षाला ४,२०,००० टन आहे, १४ हजारांनी गुणलं की ५८८ कोटी युनिट, म्हणजे ६७० मेगावॅट, रात्रंदिवस, वर्षभर, एक मिनिट न थांबता. केमानोची क्षमता आहे ८९६ मेगावॅट. जुळतंय ना? पूड जहाजात भरून नेता येते, धबधबा नेता येत नाही. म्हणून माती पाण्याकडे जाते. आमचे एक साहेब म्हणायचे की आपण धातू विकत नाही, वीज गोठवून विकतो.

आणि "न थांबता" हे नुसतं बोलायला नाही. वीज गेली की तासाभराने घाम फुटायला लागतो, चार-पाच तास गेली की पॉटमधला रस घट्ट. मग कुदळी-हातोडे घेऊन फोडत बसायचं, महिनेच्या महिने.

---

फुलपात्र

आता कळलं. पण तुम्ही घड्याळ घालायचात का हो कामावर? कुठेतरी वाचलेलं की चालत नाही.

---

पॉटरूमवाला

काट्याचं घड्याळ बंद पडायचं. एवढा करंट वाहतो की चुंबकीय क्षेत्रात किल्ल्यांचा जुडगा खिशातल्या खिशात उभा राहतो. पेसमेकरवाल्याला आत प्रवेशच नाही. नवीन माणसाला आम्ही तळहातावर पेपरक्लिपांचा मनोरा करून दाखवायचो. बाकी वास, उकाडा, धूळ. आणि अ‍ॅनोड इफेक्ट आला की, म्हणजे पॉटमध्ये अ‍ॅल्युमिना कमी पडून व्होल्टेज एकदम तीस-चाळीसला चढतं, तेव्हा ओल्या लाकडाची लांब काठी रसात खुपसायची, ती उकळते, बुडबुडे येतात आणि पॉट शांत होतो. एवढं अवाढव्य शास्त्र आणि उपाय काय तर काठी.

---

मावळतीकडे

काका, भारी! लिहीत राहा, प्लीज.

आता गाव. आधी लक्षात घ्या की कंपनीची गावं तोवर कशी असायची: घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, भाडं पगारातून कापून, नोकरी गेली की घर गेलं. अल्कनला तसं नको होतं. धर्मादाय म्हणून नव्हे हां. माणूस एवढ्या लांब, पावसापाण्यात-बर्फात येऊन टिकला नाही, सारखी नवी भरती करायला लागली तर कारखाना नीट चालणार नाही, हा सरळ धंद्याचा विचार. सगळ्या आराखड्याचा सल्लागार होता क्लॅरेन्स स्टाइन, ज्याने १९२९ मध्ये न्यू जर्सीत रॅडबर्न वसवलं, आणि प्रत्यक्ष नगररचना मेयर आणि व्हिटलसी यांच्या कार्यालयाची. स्टाइनने स्वच्छ लिहून ठेवलंय की ह्या गावाचा हेतू कारखान्याचं यश हाच आहे आणि ते यश कामगाराला इथे राहावंसं वाटतं का ह्यावर अवलंबून आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

मग त्यांनी कारखाना नदीच्या एका बाजूला आणि वस्ती दुसऱ्या बाजूला, काही किलोमीटर लांब, वाऱ्याची दिशा बघून ठेवली. मध्ये झाडी. वस्तीचे मोठे मोठे ब्लॉक, गाड्यांचा रस्ता ब्लॉकच्या बाहेरून, आत फक्त छोटे बंद गल्लीबोळ, आणि घरांची दुसरी बाजू हिरव्या पट्ट्याकडे, ज्यातून पायवाट जाते शाळेकडे, दुकानांकडे. मोठा रस्ता ओलांडायची वेळ आली तर खालून भुयारी वाट. पोराने घरातून निघून मोटारीला न भेटता शाळेत पोचावं ही कल्पना. घरं लोकांना विकली, कंपनीने कर्जाला मदत केली. आणि माझा सगळ्यात लाडका मुद्दा: नगरपालिका मार्च १९५३ मध्येच स्थापन केली, पहिला धातू निघायच्या वर्षभर आधी, गाव धड उभं नसताना! कारण कंपनीने गाव चालवायचं नाही, लोकांनी चालवायचं, कंपनीने कर भरायचा.

आराखडा ५०,००० माणसांचा होता.

---

गोधडी

मी राहिले आहे तिथे! दोन वर्षं, नवऱ्याचं काम कारखान्याच्या नूतनीकरणावर होतं तेव्हा. कुणी ह्या गावाचं नाव मराठीत लिहील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं 😄

त्या पायवाटा खरंच आहेत आणि खरंच वापरतात लोक. पण गंमत अशी की घराचं पुढचं दार कुठलं हे कळतच नाही. आराखड्याप्रमाणे बैठकीची खोली हिरवळीकडे आणि स्वयंपाकघर रस्त्याकडे, मग पाहुणा गाडीने येणार, गाडी लावणार, आणि येणार कुठून तर स्वयंपाकघरातून. माझा पसारा सगळ्या गावाने बघितला. स्टाइनसाहेबांना स्वयंपाक करायला लागला असता तर दारं वेगळी काढली असती.

बर्फाबद्दल तर विचारूच नका, दारातून बाहेर पडायला रोज बोगदा. बर्फ नाही तेव्हा पाऊस. पण जुने लोक, विशेषतः पोर्तुगीज आणि इटालियन घरं, पन्नाशीच्या दशकात आलेले, तिथेच म्हातारे झाले. शेजारच्या आजी सांगायच्या की वर्षभर राहू, पैसे साठवू आणि जाऊ असं म्हणून आले होते. त्यांची परसबाग मात्र अशी की बघत राहावं, त्या पावसात कोबी काय यायचा.

आम्ही होतो तेव्हा घरभाडी एवढी चढली की जुन्या भाडेकरूंना डागडुजीच्या नावाखाली बाहेर काढत होते. हजारो कामगार बाहेरून आलेले, ते कँपात. गावातली पोरं तिकडे जाऊन बघायची जेवायला काय आहे.

---

दोन_शून्य

धागा चांगला आहे पण एका शब्दावर अडलो. "रिकामी दरी".

मावळतीकडे, तिथे हैस्ला हे मूळनिवासी लोक होते, आहेत. किटिमॅट हे नावच मुळी त्यांच्यावरून पडलं, शेजारच्या त्सिमशियन लोकांनी त्यांना दिलेलं, अर्थ "बर्फातले लोक". नवीन गावापासून काही किलोमीटरवर किटामाट नावाचं त्यांचं गाव आजही आहे. पायवाटा, भुयारं, पन्नास हजारांची स्वप्नं, आणि ह्यांना कुणी विचारलं?

आणि धरणाच्या दुसऱ्या टोकाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही. केनी धरणाला पाणी सोडायला दारच नाहीये. जादा पाणी लांब स्किन्स लेकवरच्या सांडव्यातून सोडतात आणि ते चेस्लाटा तळ्यात येतं. तिथे चेस्लाटा लोकांची गावं होती. एप्रिल १९५२ मध्ये त्यांना सांगितलं की जागा सोडा, पाणी येतंय. मुदत किती, तर जेमतेम दोन आठवडे. वाटेवर बर्फ वितळून चिखल, सामान-जनावरं मागे टाकून निघाले, आणि मागे त्यांची घरं जाळली. पुढे पाणी सोडलं तेव्हा थडगी वाहून गेली, शवपेट्या तळ्यात तरंगत होत्या. धरणग्रस्त हा शब्द आपल्याला शिकवायला लागत नाही.

---

मावळतीकडे

दोन_शून्य, तुमचं बरोबर आहे. मी जे वाचत होते ते सगळं नगररचनाकारांनी लिहिलेलं, आणि त्यांच्या नकाशावर ती दरी खरंच कोरी दाखवलेली असते, मी तशीच उचलली. मूळ लेखातला शब्द मुद्दाम बदलत नाहीये, नाहीतर तुमच्या प्रतिसादाचा संदर्भ कुणाला लागणार नाही.

चेस्लाटाबद्दल काल रात्री शोधून वाचलं. पुढे काय झालं त्यांचं?

---

दोन_शून्य

धन्यवाद, इतक्या सरळ कुणी मान्य करत नाही इथे.

नव्वदीत केंद्र सरकारकडून भरपाई मिळाली, म्हणजे चाळीस वर्षांनी. प्रांत सरकारशी समझोता २०१९ मध्ये. मधल्या काळात अजून एक लढाई झाली. कंपनीला केमानोचा दुसरा टप्पा करायचा होता, अजून पाणी वळवायचं होतं. नेचाकोत साल्मन येतात, पाणी कमी झालं की तापतं आणि मासे मरतात, म्हणून चेस्लाटा, मच्छीमार, नदीकाठचे शेतकरी सगळे उभे राहिले. जानेवारी १९९५ मध्ये प्रांताने तो प्रकल्पच रद्द केला, बोगद्याचं काम अर्धवट झालेलं असताना.

हैस्लांचं वेगळं. त्यांचा युलाकॉन नावाचा छोटा तेलकट मासा, त्याचं तेल काढून वर्षभर वापरायचे, देवाणघेवाण करायचे. किटिमॅट नदीतला तो मासा सत्तरीत खाण्यालायक राहिला नाही, त्याला कागदाच्या लगद्याच्या कारखान्याच्या सांडपाण्याचा वास यायला लागला.

---

पॉटरूमवाला

दोन_शून्य, जे झालं ते वाईटच, त्यावर वाद नाही. पण एक बाजू मांडतो, राग मानू नका. तेच अ‍ॅल्युमिनिअम कोळशाच्या विजेवर केलं तर टनामागे कार्बन डायऑक्साइड कितीतरी पट जास्त. आज सगळं जग जलविद्युतवाल्या धातूच्या मागे आहे. धरण झालंय ते झालंय, आता पाडून काय मिळणार?

आणि जुन्या कारखान्याचा धूर पण सांगितला पाहिजे, तिथे सोडरबर्ग पद्धत होती. म्हणजे अ‍ॅनोड आधी भाजून आणायचा नाही, डांबर आणि कोक यांचा लगदा वरून भरायचा आणि तो पॉटच्याच उष्णतेवर भाजला जातो. स्वस्त, पण डांबराच्या वाफा सगळ्या माणसांच्या नाकात. शिवाय फ्लोराइड, त्याने दरीतली सूचिपर्णी झाडं तपकिरी पडली होती. २०११ ते २०१५ मध्ये ४८० कोटी अमेरिकन डॉलर घालून सगळं नवीन केलं (गोधडीताईंचे यजमान होते तेच काम), भाजलेले अ‍ॅनोड, बंद पॉट, उत्सर्जन निम्म्यावर आणि धातू दीडपट. सोडरबर्गवर काम केलेला माणूस असल्याने सांगतो, हा फरक छातीला कळतो.

---

दोन_शून्य

पाडा म्हणालोच नाही. धरणाला एक दार करा म्हणतोय.

---

तांबट_आळी

उशिरा आलो. अल्कनचं आधीचं गाव माहितीय का कुणाला? क्वेबेकमधलं आर्व्हिडा. तेव्हाच्या मूळ अमेरिकन कंपनीचे, अल्कोआचे, अध्यक्ष आर्थर व्हायनिंग डेव्हिस, त्यांच्या नावाची पहिली दोन-दोन इंग्रजी अक्षरं घेऊन केलेलं नाव. १९२६ मध्ये १३५ दिवसांत २७० घरं उभी केली. आणि घरं एकसारखी नव्हेत हां, नमुने बदलत ठेवले.

पॉटरूमवाल्यांनी रस घट्ट होतो म्हटलं त्यावरून आठवलं. जुलै १९४१, ऐन युद्धात, आर्व्हिडाच्या कामगारांनी उकाडा आणि पगार यावरून अचानक काम बंद केलं, पॉटमध्ये धातू गोठला. मंत्री म्हणाले घातपात आहे, शत्रूचा हात आहे, सैन्य आलं. नंतर चौकशी आयोगाने सांगितलं की घातपात वगैरे काही नाही, माणसं वैतागली होती. किटिमॅटला घरांची, वस्तीची इतकी काळजी का घेतली ह्याचं एक कारण मला तिथे दिसतं. ज्या कारखान्यात चार तास काम थांबलं की सहा महिन्यांचं नुकसान, तिथे कामगार खूश ठेवायलाच लागतो.

---

मावळतीकडे

हे मला सुचलंच नव्हतं! स्टाइनच्या त्या वाक्याला एकदम दात आले.

पण मग किटिमॅटला संप झालेच की, २०२१ चा तर अगदी अलीकडचा, सुमारे ९०० कामगार. ह्या वेळी मात्र पॉट आधीच पद्धतशीर बंद करत नेले आणि उत्पादन पार खाली आणलं, पूर्ववत व्हायला बराच काळ गेला.

---

फुलपात्र

मग पन्नास हजार माणसं झाली का शेवटी?

---

गोधडी

कुठली! २०२१ च्या जनगणनेत ८,२३६. सगळ्यात भरलेलं होतं तेव्हा सुद्धा १२-१३ हजारांच्या आसपास. म्हणून तर भुयारी वाटा, रुंद रस्ते, आणि माणसं तुरळक, थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला घातल्यासारखं.

---

तांबट_आळी

आणि मधलं चढउतार पण बघा. पन्नाशीच्या शेवटी मंदी आली, विस्तार थांबला. सत्तरीच्या तोंडावर कागदाच्या लगद्याचा कारखाना आला, तो २०१० ला बंद. ऐंशीत मिथेनॉलचा आला, तो २००५ ला बंद. अल्कन स्वतःच २००७ मध्ये रिओ टिंटोने घेतली. आता नैसर्गिक वायू थंड करून जहाजात भरायचा प्रचंड प्रकल्प, २०२५ मध्ये पहिलं जहाज गेलं. त्याशेजारी अजून एक वायू प्रकल्प उभा राहतोय आणि त्यात बहुसंख्य मालकी हैस्ला लोकांची आहे, हे दोन_शून्य यांना माहीत असेलच.

एक फार रंजक भांडण राहिलं. कारखान्याला लागते ती सोडून उरलेली वीज कंपनी प्रांताच्या वीज मंडळाला विकते. मग गावाला भीती वाटली की उद्या धातू करण्यापेक्षा वीज विकणं जास्त फायद्याचं झालं तर? नगरपालिका कोर्टात गेली, म्हणाली हे पाणी तुम्हाला अ‍ॅल्युमिनिअम करायला दिलंय, वीज विकायला नाही. हरली.

---

पॉटरूमवाला

आमच्या साहेबांचं वाक्य उलटं झालं म्हणा. गोठवायची गरजच काय, तशीच विका.

---

फुलपात्र

शेवटची शंका, मग पळतो. ते डोंगरातलं वीजघर, केमानो, तिथे पण लोक राहायचे का? आणि ती आगबोट कुठे गेली?

---

गोधडी

बोट परत कॅलिफोर्नियाला गेली, मध्ये एकदा बुडाली पण, वर काढून दुरुस्त केली आणि आता सॅक्रामेंटोला तिचं हॉटेल आहे.

केमानोला गाव होतं, वीजघर चालवणाऱ्या कुटुंबांचं, शाळा वगैरे. रस्ता नाही, बोटीने किंवा हवेतून जायचं. यंत्रणा आपोआप चालायला लागली तशी माणसांची गरज संपली आणि २००० मध्ये गाव बंद केलं. माझ्या शेजारच्या आजींचा भाचा तिथे वाढलेला. घरं नंतर अग्निशमन दलांना सरावासाठी दिली, त्यांनी ती एकेक करून पेटवली. तो सांगायचा की त्याच्या शाळेचे फोटो आहेत, जळतानाचे, पण आधीचा एकही नाही.

---

दोन_शून्य

चेस्लाटाच्या घरांचे जळतानाचेही नाहीत.